आत्याबाईंची पंगत

माणसाला आपला नंबर खालचा लागलेला खपत नाही. परीक्षेत नाही, लग्नाच्या पंगतीत नाही, आणि आता स्वतःच्या अनुभवावरून सांगतो, आजारपणातही नाही.

मी गजानन उपाध्ये. सहकारी संस्थांची दप्तरं तपासण्यात माझा जन्म गेला. निवृत्तीनंतर मधुमेहाने पायाला जखम दिली, ती काही केल्या भरेना, तेव्हा मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात माझी रवानगी झाली. खिडकीजवळची खाट मिळाली. तपासायला दप्तर नव्हतं, म्हणून मी माणसं तपासू लागलो.

वॉर्डात प्रत्येक खाटेच्या उशाशी एक छोटा दिवा होता आणि दिव्यात आकडा. हा खाटेचा क्रमांक नव्हे. हा बदलत राही. सिस्टरांनी आता आधी कोणाकडे जायचं, ते तो आकडा सांगे. ज्याच्या उशाशी एक, त्याच्याकडे पहिल्यांदा. सगळ्यांच्या छातीवर, मनगटावर आणि घोट्यावर मऊ पट्ट्या चिकटवलेल्या असत. त्या शरीराचं काय काय ऐकत, आणि त्यावरून हा क्रम लागे. यंत्रणेचं कागदोपत्री नाव 'अग्रक्रम'. वॉर्डातलं नाव 'आत्याबाई'. कारण प्रत्येक घराण्यात एक आत्या असतेच, जी पंगतीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि कोण आधी बसेल, कोण मागून, ते ठरवते. तिच्यापुढे जावयाचंही चालत नाही.

माझा नंबर कायम शेवटचा, नाहीतर शेवटून दुसरा. सुरुवातीला मला हा अपमान वाटला.

तो अपमान मी एकटाच गिळत नव्हतो. नगरसेवक सदानंद ढवळे यांचा पुतण्या प्रल्हाद अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी आला, तेव्हा ढवळे दिव्याखाली उभे राहून म्हणाले, "काय वो सिस्टर, आमच्या पोराला एवढा खालचा नंबर? वरच्या सायबांना फोन लावू का?"

वॉर्डाच्या इन्चार्ज भंडारे सिस्टर सलाईनची नळी तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लावा की. आणि येताना पेढे पण आणा. पुतण्या खाली आहे याचा आनंद करायचा असतो साहेब. वर गेला की मी धावतच येईन, तेव्हा मात्र तुम्ही आडवे येऊ नका."

ढवळे हसले, पण जमाखर्चात त्यांनी ते नावे मांडून ठेवलं, हे मला त्यांच्या मिशीवरून कळलं.

रूथ भंडारे सिस्टर मिरजेच्याच. आवाज जरबेचा, चाल अशी की चपलेचा आवाज येण्याआधी सिस्टर येत. पूर्वी म्हणे या वॉर्डात ज्याच्या नातेवाइकांचा गळा मोठा, त्याच्याकडे लक्ष जास्त. कोणी वशिला लावी, कोणी डबा आणी, कोणी नुसता रडे. आणि कोपऱ्यातला गप्प माणूस गप्प गप्पच जायचा. आत्याबाई आल्यापासून भंडारे सिस्टरांनी एक नेम केला होता: क्रम मोडायचा नाही. कोणासाठीच नाही.

*

हे यंत्र ज्यांच्या डोक्यातून निघालं त्या डॉक्टर मेहरुन्निसा शिकलगार आठवड्यातून एकदा फेरी मारत. त्यांचं घराणं तंतुवाद्यं करणारं. एकदा माझी जखम बघता बघता मी त्यांना छेडलं, "डॉक्टर, तुमच्या आत्याबाईंचं माझ्याशी काही वाकडं आहे का?"

त्या खुर्ची ओढून बसल्या. "तंबोरा ऐकलाय ना?"

"मिरजेत राहून तंबोरा ऐकला नाही, असं सांगू कोणाला!"

"चार तारा. एक पंचमाची, बाकी तिन्ही षड्जाच्या. गंधाराला कुठलीच तार लावलेली नसते. पण चारी नीट जुळल्या की गंधार ऐकू येतो. कोणी न वाजवता. आमच्या गल्लीत त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार जरा उतरू द्या, तुम्हाला तार उतरलेली कळायच्या आधी तो गंधार जातो. अब्बा त्याच्यावरूनच ओळखायचे."

"बरं, मग?"

"शरीराचंही तसंच. श्वास आत घेतला की हृदय जरा घाई करतं, सोडला की सैलावतं. रक्तवाहिन्या आपल्या लयीत आवळतात, पोट त्याहून संथ लाटा काढतं, कातडीची ऊब चढते-उतरते. हे सगळे एकमेकांचं ऐकत असतात. त्या ऐकण्यातून एक लय उठते, जी कुठल्याच एका अवयवाची नाही. आतमध्ये रक्तस्राव सुरू झाला, विष पसरू लागलं, की ताप यायच्या, रक्तदाब पडायच्या कितीतरी आधी हे अवयव एकमेकांचं ऐकायचं सोडतात. प्रत्येक जण आपापलं वाजवतो. पट्ट्या नाडी मोजत नाहीत, उपाध्ये. त्या गंधार ऐकतात."

"म्हणजे जो जास्त आजारी, त्याचा नंबर वर."

"इथेच सगळे चुकतात." त्यांनी बोट वर केलं. "समजा, एक जण अत्यवस्थ आहे, पण त्याला लागेल ते सगळं आधीच चालू आहे. दुसरा बरा दिसतोय, पण त्याने पाणी प्यालेलं नाही, चक्कर येतेय आणि आता तो एकटाच उठून संडासला निघणार आहे. सिस्टर या घडीला कोणाकडे गेली तर जास्त फरक पडेल? दुसऱ्याकडे. हा आजाराचा नंबर नाही. कोणी तरी जाण्याने पडणाऱ्या फरकाचा नंबर आहे."

मी नफ्यातोट्यात आयुष्य काढलेला माणूस. असा ताळेबंद मी कुठे पाहिला नव्हता.

"स्वतःचा ऐकायचाय?" म्हणत त्यांनी एक इवलंसं यंत्र माझ्या कानात बसवलं. शरीराची ही लय फार संथ असते, म्हणून ती वेगाने फिरवून कानाला कळेल अशी केलेली होती.

आधी नुसती सळसळ आली. मग खालून एक जाडजूड धपधप, ते हृदय. तिच्यावरून वाहणारा श्वास. त्याच्याही खाली कुठेतरी ओहोटीसारखं काही सरकत होतं, ते माझं पोट, ज्याला मी आयुष्यभर फक्त शिव्या दिल्या. आणि मग, या सगळ्यांच्या वर, कोणीच न धरलेला असा एक बारीक, चकाकणारा सूर. तो थरथरला, मावळला असं वाटलं, पुन्हा उमटला. मी श्वास रोखला तर तो विरला. सोडला तर परत आला, जणू वाटच बघत होता.

माझ्यात सूर नाही हे माझ्या पत्नीचं लाडकं वाक्य. मी कानातलं यंत्र दाबून बसलो होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हे आत चाललं होतं. मी लोकांच्या चुका शोधत होतो, रागावत होतो, झोपत होतो, तेव्हाही. कोणी मला विचारलं नव्हतं, मी कोणाचे आभार मानले नव्हते.

"शेवटचा नंबर का ते कळलं?" डॉक्टर म्हणाल्या.

त्यानंतर मी माझ्या आकड्याकडे जावयाच्या पगाराकडे बघावं तसा समाधानाने बघू लागलो.

आणि पुढच्याच आठवड्यात आत्याबाईंचं सामर्थ्यही बघितलं. समोरच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेला एक ट्रकवाला मोबाइलवर क्रिकेट बघत होता. षटकार बसला, त्याने हात वर केला, आणि त्याच्या उशाशी एक उमटला. भंडारे सिस्टर आल्या. नख दाबून बघितलं, पोटावर हात ठेवला, चादर वर करून बघितली. तो म्हणतोय, "सिस्टर, मी टकाटक आहे की!" सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं. आतल्या आत रक्त वाहत होतं. ऑपरेशन थिएटरकडे नेताना तो आम्हाला हात हलवत होता, आणि आम्ही सगळे खाटेवरचे, देवळात उभं राहावं तसे गप्प.

*

माझ्या शेजारच्या खाटेवर दावीद रणभिसे मास्तर आले. ताठ कण्याचे निवृत्त मुख्याध्यापक. घसरून पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. भंडारे सिस्टर त्यांच्याशी असं बोलत:

"रणभिसे, दुखतंय का?"

"नाही सिस्टर. बरं आहे."

"लघवीला त्रास?"

"बरं आहे."

दोन दिवसांनी आयाबाईंकडून कळलं की हे बाप-लेक आहेत. मी चाटच पडलो. सख्खी मुलगी वॉर्डाची मालकीण, आणि बापाचा नंबर शेवटून पहिला! माझी जागा त्यांनीच पटकावली होती. सिस्टर सगळी पंगत उठवून मगच त्यांच्याकडे येत. मी म्हटलं, "मास्तर, लेकीला जरा सांगा की, बापाकडे वाकडी वाट करून येत जा."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. चूक गणित सोडवलेल्या पोराकडे बघावं तसं. "मी तिला तसं शिकवलेलं नाही."

त्यांच्या जखमेतून रक्त झिरपत होतं, म्हणून रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन थांबवलं होतं. पडून राहणाऱ्याच्या पायात रक्ताची गुठळी होऊ नये, म्हणून त्याऐवजी दोन्ही पोटऱ्यांना हवेने फुगणारे पट्टे बांधले होते. ते फुस्स करून फुगत, पोटरी आवळत, सैल पडत.

एके दिवशी संध्याकाळी भेटीच्या वेळी एक माणूस दारात घुटमळला. चाळिशीचा, मास्तरांचंच नाक, खांद्याला बॅग. भंडारे सिस्टरांनी त्याला बघितलं आणि त्यांच्या हातातली पट्टी खाली पडली. एवढंच. मग पट्टी उचलून त्या कामाला लागल्या.

तो आमच्याकडे आला. "पपा."

मास्तरांनी चष्मा सावरून त्याच्याकडे बघितलं. "सायमन. बस."

सायमन बसला. त्याने दिव्यातला आकडा बघितला आणि माझ्याकडे वळला. "काका, हा काय नंबर?"

मी सांगितलं, सिस्टर कोणाकडे आधी जाणार त्याचा, आणि मास्तर सगळ्यात शेवटी. तो हसला, पण त्या हसण्यात काहीच जमेला नव्हतं. "झकास. घराण्याची रीतच आहे ही. शाळेच्या वसतिगृहात एकच जागा होती, ती यांनी मला न देता दुसऱ्याच्या पोराला दिली. म्हणाले, त्याला जास्त गरज आहे. स्पर्धा असो, सहल असो, मी कायम रांगेच्या शेपटाला. मुख्याध्यापकाचा मुलगा ना! एके दिवशी मी म्हटलं, पपा, तुमच्या लेखी मी कायम शेवटचाच. आणि निघालो. आता ताई तेच चालवतेय वाटतं."

 मास्तर छताकडे बघत राहिले. मी चादरीशी चाळा करू लागलो. दुसऱ्याच्या घरच्या वह्या अशा अचानक उघडल्या की माझ्यासारख्या तपासनिसालाही नजर कुठे ठेवावी कळत नाही.

मग मास्तरांनी पाय किंचित हलवला आणि चेहरा आवळला.

"दुखतो का?" सायमनने विचारलं.

"नाही. बरं आहे."

पण आपल्याकडे मुलाला याहून जास्त विचारावं लागत नाही. बापाचा पाय अवघडला की लेकाचे हात आपोआप जातात. सायमनने उठून पोटरीचे पट्टे सोडले. "हे फुसफुस यंत्र काय चेपणार? मी चेपतो." आणि खाटेच्या पायथ्याशी बसून त्याने बापाचा पाय मांडीवर घेतला.

मास्तरांनी आयुष्यात कोणाला पायाला हात लावू दिला नव्हता म्हणे. आज लावू दिला. डोळे मिटले. सायमन खाली मान घालून चेपत होता, घोट्यापासून वर, सावकाश, जोर लावून. इतक्या वर्षांचं जे बोलायचं होतं ते तो अंगठ्यांनी बोलत होता. आयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. खोटं कशाला बोलू, मीही विरघळलो होतो.

त्याच वेळी समोर, जखम पिकल्यामुळे मुक्काम लांबलेल्या प्रल्हाद ढवळेची टाके पडलेली जागा ठणकू लागली होती आणि तो गुरासारखा ओरडत होता. त्याचा नंबर एक होता. भंडारे सिस्टर दुखणं थांबवायचं इंजेक्शन भरून त्याच्या उशाशी पोहोचल्या होत्या. भोवती ढवळ्यांचं सगळं गणगोत.

आणि दिवे बदलले. प्रल्हादचा एक गेला, दोन आला. एक आमच्या बाजूला उमटला. मास्तरांच्या उशाशी.

भंडारे सिस्टरांच्या मनगटावरचा, नंबर बदलला की कळवणारा पट्टा थरथरला. त्यांनी वळून बघितलं. इकडे बाप डोळे मिटून शांत पडलेला, मुलगा पाय चेपतोय, चित्र काढावं असं. तिकडे पोरगा किंचाळतोय.

मी माणसांचे चेहरे वाचत आलोय. त्या बाईच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते कोणालाही वाचता आलं असतं. इतके दिवस जिने बापासाठीही क्रम मोडला नाही, तिने आता किंचाळणारा पेशंट सोडून, सगळ्यांदेखत, झोपलेल्या बापाकडे जायचं? लोक काय म्हणतील ते एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला, यंत्र चुकलं असेल का? की मलाच जायचंय म्हणून ते मला खरं वाटतंय?

त्या क्षणभर थांबल्या. मग इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. "प्रल्हाद, तुला दुखतंय हे खरं आहे. मी येणार आहे हेही खरं आहे."

"बघा, बघा!" ढवळे ओरडले. "आमचं पोरगं मरायला लागलंय आणि ह्या चालल्या बापाकडं! एवढा क्रम-क्रम करत होत्या!"

सिस्टर आल्या. पायथ्याशी पट्टे पडलेले दिसले. सायमनचे अंगठे दिसले. एक पोटरी दुसरीपेक्षा जाड, तांबूस, ताणलेली, तीही दिसली. आम्हा सगळ्यांसमोरच ती होती, पण आम्हाला कोणाला दिसली नव्हती.

"हात काढ."

सायमनने वर बघितलं. "आता पाय चेपायलाही नंबर लावायचा का, ताई?"

"सायमन, हात काढ. दाबू नकोस, हलवू नकोस. पायात गुठळी आहे. तुझ्या हाताने ती वर सरकेल."

सायमनचे हात हवेत तसेच राहिले. पुढे कितीतरी वेळ त्याला ते कुठे ठेवायचे सुचलं नाही.

सिस्टरांनी पाय अलगद गादीवर टेकवला, खाटेचं डोकं वर केलं, प्राणवायूची नळी लावली, डॉक्टरांना हाक गेली. हे सगळं त्यांचे हात करत होते. मास्तरांनी डोळे उघडले. श्वास उथळ झाला होता. ओठ हलले.

"बरं..."

"पपा!" सिस्टर म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "बरं आहे म्हणू नका. छातीत काय होतंय ते सांगा."

मास्तर मुलीकडे बघत राहिले. "टोचतंय," ते म्हणाले. "श्वास घेताना."

डॉक्टर धावत आले. सिस्टरांनी त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं, मास्तर त्यांच्या हवाली केले, आणि वळून प्रल्हादकडे गेल्या. इंजेक्शन दिलं.   ढवळे बाजूला झाले.

*

गुठळीचा एक बारीक कण फुप्फुसात पोहोचला होता. मोठी गुठळी अजून मांडीत अडकून होती. सायमनने आणखी थोडा वेळ चेपलं असतं तर ती सुटली असती, असं तपासणीनंतर कळलं. जखमेचा धोका आणि गुठळीचा धोका समोरासमोर तोलून औषध सुरू झालं.

डॉक्टर शिकलगार आल्या तेव्हा मी विचारलं, "तुमच्या यंत्राला गुठळी सकाळीच का दिसली नाही?"

"गुठळी त्याला दिसतच नाही. गुठळी गप्प बसते, आणि पेशंटही गप्प बसले. तो कण फुप्फुसात गेला, तेव्हा श्वास आणि हृदय एकमेकांचं ऐकेनासे झाले. ते त्याने ऐकलं. घोट्यावरच्या पट्टीला दाबण्याची लय येत होती. या दोन्हींवरून त्याला एवढंच कळलं की आत्ता या खाटेशी कोणी गेलं, तर सगळ्यात जास्त फरक पडेल." त्यांनी भंडारे सिस्टरांकडे बघितलं. "जाऊन काय करायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं."

सिस्टर प्रल्हादचा ताप लिहीत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

सायमन वॉर्डातून हलला नाही. स्टुलावर, दोन्ही हात काखेत घालून बसलेला. मास्तर सुधारू लागले तसा त्यांचा नंबर खाली सरकत गेला, आणि एका दुपारी पुन्हा शेवटचा नंबर लागला. सायमनने तो बघितला. मला वाटलं, पुन्हा उसळणार.

भंडारे सिस्टर आल्या, पाळीनेच आल्या, आणि कानातलं ते इवलंसं यंत्र भावाच्या हातात ठेवलं. "ऐक."

सायमनने कानात घातलं. त्याचा चेहरा मी बघत होतो. आधी काहीच नाही. मग भुवया वर गेल्या. मग तो अगदी स्तब्ध झाला, अंधारात वर बघताना आकाशाचा पसारा जाणवल्यावर माणूस होतो तसा. जो बाप कधी मोठ्याने हसला नाही, रडला नाही, त्याच्या आत हे अखंड वाजत होतं.

"हा सूर मध्येच जरा अडखळतो," तो कुजबुजला.

"अजून पुरतं बरं झालेलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण जुळतोय."

मास्तरांनी मुलाकडे मान वळवली. "सायमन. वर्गात पंचेचाळीस पोरं असायची. कोणाकडे आधी बघायचं, ते मला ठरवावं लागायचं. तू शेवटी असायचास, कारण तू माझ्याशिवाय उभा राहशील असं मला वाटायचं." त्यांनी दम घेतला. "माझ्याकडे ही पट्टी नव्हती. अंदाजाने चालवलं. अंदाज चुकला."

 सायमनचा काखेतला एक हात बाहेर निघाला, पायाकडे जाता जाता थबकला, वळला, आणि बापाच्या हाताच्या पंज्याभोवती मिटला. कानात यंत्र तसंच होतं. एकदम त्याने बहिणीकडे बघितलं. डोळे विस्फारलेले. तो काय ऐकत होता ते मला कळायला मार्ग नव्हता. पण सिस्टरांनी नुसती मान हलवली, हो, हात धरला की असंच जुळतं, आम्ही रोज ऐकतो, अशी.

"पपा," सायमन घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पाय दुखतो का?"

मास्तरांनी सवयीने तोंड उघडलं. मग थांबले. मुलीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं.

"दुखतो," ते म्हणाले. "फार दुखतो रे."